पर्यटनाचा पैसा गावात किती मुरतो?

२०१९ मध्ये जगभरात परदेशी पर्यटकांची सुमारे १४६ कोटी आगमनं नोंदली गेली. पुढच्याच वर्षी, कोविडच्या टाळेबंदीत, हा आकडा ४० कोटींच्या आसपास घसरला. विमान कंपन्या आणि मोठी हॉटेलं यांच्या नुकसानीच्या बातम्या रोज येत होत्या. पर्यटनावर चालणाऱ्या गावांमध्ये मात्र तेव्हा आणखी एक गोष्ट घडली, आणि तिची फारशी बातमी झाली नाही. ज्यांनी स्वतःला पर्यटन व्यवसायात कधी धरलंच नव्हतं, त्यांचीही कामं थांबली. चादरी धुणारे, दूध-अंडी पोचवणारे, नळ दुरुस्त करणारे, हॉटेलांचे हिशेब लिहिणारे. यांतले कित्येक जण पर्यटकाशी वर्षभरात एक शब्दही बोलत नाहीत, पण त्यांच्या घरखर्चातला बराच वाटा त्याच्याच खिशातून आलेला असतो.

हा संबंध संकट आल्यावर कळण्यापेक्षा बरे दिवस असताना कळलेला चांगला. पर्यटनाबद्दलची जनजागृती त्यासाठीच असते. दरवर्षी २७ सप्टेंबरला जागतिक पर्यटन दिन पाळला जातो, १९८० पासून. १९७० मध्ये याच तारखेला जागतिक पर्यटन संघटनेची घटना मंजूर झाली होती, म्हणून ही तारीख. पण त्या दिवशी होतं काय? भाषणं होतात, फलक लागतात. पाहुण्यांशी गोड बोला, परिसर स्वच्छ ठेवा, पर्यटन वाढलं की सगळ्यांचं भलं होतं, असं स्थानिक लोकांना सांगितलं जातं. त्यात चूक काही नाही, पण ते अपुरं आहे. ज्याच्या दारासमोर रोज गाड्यांची रांग लागते, त्याला भलं होतं असं सांगून पटत नाही. त्याला हिशेब दाखवावा लागतो: किती आलं, कुणाला मिळालं, किती बाहेर गेलं आणि त्रासाची भरपाई कोण करतं. या लेखात तोच हिशेब कसा वाचायचा ते पाहू.

पर्यटन आकडेवारीत का दिसत नाही

शेती, कापड, पोलाद हे उद्योग ओळखायला सोपे असतात, कारण काय तयार होतं ते समोर दिसतं. पर्यटनाचं तसं नाही. इथे वस्तू कोणती यापेक्षा ती घेणारा कोण, यावर सगळं ठरतं. बसमध्ये शेजारी शेजारी दोन प्रवासी बसलेत. एक रोजच्या कामाला निघालाय, दुसरा फिरायला आलाय. तिकीट तेच, आसनही तसंच. पण पहिल्याचं तिकीट पर्यटनात मोडत नाही आणि दुसऱ्याचं मोडतं. खानावळ, औषधाचं दुकान, पेट्रोल पंप, सगळीकडे हीच गत. त्यामुळे देशाच्या जमाखर्चात 'पर्यटन' असा एक सरळ रकाना सापडत नाही. ते वाहतूक, निवास, खाद्यसेवा, किरकोळ विक्री अशा अनेक रकान्यांत विखुरलेलं असतं.

यावर उपाय म्हणून अर्थतज्ज्ञांनी 'पर्यटन उपलेखा' नावाची पद्धत तयार केली. संयुक्त राष्ट्रांनी २००८ मध्ये तिची सुधारित चौकट प्रसिद्ध केली. प्रत्येक व्यवसायाच्या उत्पन्नातला पर्यटकांमुळे आलेला हिस्सा किती, हे त्यात वेगळं काढून मोजतात. बरेच देश आता असा हिशेब ठेवतात. पण तो देशपातळीवरचा असतो. एखाद्या गावाला त्यातून स्वतःचं चित्र क्वचितच मिळतं. 'पर्यटनातून आपल्याला काय मिळालं?' या प्रश्नावर गावात अंदाजपंचे उत्तरं दिली जातात, ती यामुळेच. हॉटेलवाला फुगवून सांगतो, वाहतुकीला वैतागलेला माणूस शून्य म्हणतो.

एका खोलीचा प्रवास

आता हा पैसा फिरतो कसा ते पाहू. एक छोटं गेस्ट हाऊस घ्या. पाहुणा एक रात्र राहिला, सकाळी नाश्ता करून निघून गेला. त्याने खोलीचं भाडं मालकाला दिलं. हा झाला थेट परिणाम, आणि बहुतेकांना तेवढाच दिसतो.

पाहुणा गेल्यानंतरची सकाळ जवळून पाहा. खोली आवरणारी बाई चादरी आणि टॉवेल गोळा करते, गाठोडं धुलाईला जातं. सकाळची अंडी कुणीतरी पहाटे पोचवलेली असतात. न्हाणीघराचा गीझर गेल्या आठवड्यात बिघडला होता, तो गावातल्याच इलेक्ट्रिशियनने दुरुस्त केला. भिंतीला रंग, खिडकीला नवी जाळी, दर महिन्याला हिशेब तपासणारा माणूस. मालकाने या सगळ्यांना दिलेले पैसे हा अप्रत्यक्ष परिणाम. मग खोली आवरणारी बाई पगारातून मुलाची वह्या-पुस्तकं घेते, इलेक्ट्रिशियन चपला घेतो, अंडीवाला घराचं छप्पर दुरुस्त करून घेतो. त्या दुकानदारांचा आणि गवंड्याचा पर्यटनाशी काडीचा संबंध नाही, तरी पैसा त्यांच्यापर्यंत पोचलाच. याला प्रेरित परिणाम म्हणतात.

या तिन्ही परिणामांची बेरीज किती होईल, हे एका गोष्टीवर ठरतं: प्रत्येक हातबदलाच्या वेळी किती पैसा गावातच पुन्हा खर्च होतो. इथले आकडे समजण्यापुरते आहेत, चलन कुठलंही धरा. गावातल्या धंद्यांच्या हाती पर्यटकांकडून १०० आले. त्यातले ६० गावातच पुन्हा खर्च झाले, मग त्या ६० मधले ३६, त्यातले २१ ते २२. असं चालत राहिलं तर एकूण उलाढाल २५० पर्यंत जाते. आता दुसरं गाव घ्या. तिथेही १०० च आले, पण प्रत्येक वेळी शंभरातले फक्त २० गावात राहिले आणि बाकीचे बाहेर गेले. तिथली एकूण उलाढाल १२५ वर थांबते. पर्यटक तेवढेच आणि त्यांनी केलेला खर्चही तेवढाच, तरी एका गावाची उलाढाल दुसऱ्याच्या दुप्पट झाली. पाऊस किती पडला यापेक्षा पाणी किती मुरलं हे महत्त्वाचं, तसंच हे आहे.

पर्यटनाच्या यशाचं मोजमाप सगळीकडे पर्यटकांच्या संख्येत केलं जातं. यंदा अमुक टक्के जास्त आले, की झाली बातमी. ही संख्या म्हणजे नुसता पाऊस. तिच्यावरून गावाला काय मिळालं ते कळत नाही.

गळती कुठून होते

बाहेर जाणाऱ्या पैशाला पर्यटनाच्या अभ्यासात 'गळती' म्हणतात. तिचे दोन प्रकार आहेत, आणि दुसऱ्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

पहिली गळती पैसा गावात आल्यानंतर होते. हॉटेल बाहेरच्या कंपनीचं असेल तर नफा तिकडे जातो. भाजी, फर्निचर, साबण बाहेरून येत असेल तर त्याचे पैसे बाहेर जातात. व्यवस्थापक बाहेरचा असेल, तर त्याच्या पगारातला बराचसा भाग त्याच्या घरी जातो. दुसऱ्या प्रकारात पैसा गावात येतच नाही. पर्यटकाने आपल्या शहरातच संपूर्ण पॅकेज विकत घेतलेलं असतं. विमानाचं भाडं, टूर कंपनीचा नफा, बुकिंग संकेतस्थळाचं कमिशन हे सगळं वाटेतच कापलं जातं. त्याने एकूण किती खर्च केला आणि गावाच्या हाती किती लागलं, यात मोठी तफावत राहते. क्रूझ जहाजांचं उदाहरण ठळक आहे: जेवण आणि झोप जहाजावर, गावात काही तासांचा फेरफटका. गर्दी मात्र पूर्ण, कारण हजारो माणसं एकाच वेळी उतरतात.

गळती शून्यावर आणता येते असा दावा कुणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नका. लहान बेटावर इंधन बाहेरूनच येणार, यंत्रंही बाहेरूनच येणार. बाहेरची मोठी हॉटेल कंपनी कधी कधी प्रशिक्षण, दर्जा आणि नवे ग्राहकही घेऊन येते. पण जी गळती टाळता येण्यासारखी आहे, ती लोकांना माहीत असायला हवी. गावाशेजारच्या मळ्यात पिकणारी भाजी दूरच्या बाजारातून का येते, हा प्रश्न कुणीतरी विचारल्याशिवाय त्याचं उत्तर शोधलं जात नाही.

केरळमधल्या कुमरकोममध्ये हा प्रश्न विचारला गेला. वेंबनाड तलावाकाठच्या या गावात रिसॉर्ट होते, परदेशी पर्यटक येत होते, पण गावातल्या लोकांना त्यातून फारसं काही मिळत नव्हतं आणि नाराजी वाढत होती. २००८ मध्ये तिथे जबाबदार पर्यटनाचा उपक्रम सुरू झाला. पंचायत, हॉटेलं आणि कुटुंबश्री या महिला गटांच्या संघटनेला एकत्र बसवण्यात आलं. हॉटेलांना कोणता माल किती लागतो याची यादी झाली, पडीक जमिनीवर भाजीपाला घेतला जाऊ लागला, भाव आणि दर्जा ठरवायला समित्या नेमल्या गेल्या. हॉटेलवाल्यांची तक्रार होती की स्थानिक माल वेळेवर आणि सारखा मिळत नाही. ती रास्तच होती. म्हणूनच भाव आणि दर्जाच्या समित्यांना अर्थ होता. 'स्थानिकांकडून घ्या' असं नुसतं आवाहन केलं असतं तर ते आठवडाभरही टिकलं नसतं.

पैशाशिवायचं

काही फायदे पावतीवर दिसत नाहीत. लहान गावात बसच्या फेऱ्या, औषधाचं दुकान, एटीएम, चांगलं मोबाइल नेटवर्क यांना पुरेसं गिऱ्हाईक लागतं. गावाची लोकसंख्या कमी असेल तर पर्यटकांच्या जोरावर या सोयी तग धरतात, आणि वापर वर्षभर गावकरी करतात. रोजगाराचंही तसंच. जागतिक पर्यटन संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार पर्यटनात काम करणाऱ्यांमध्ये ५४ टक्के स्त्रिया आहेत. एकूण अर्थव्यवस्थेत हे प्रमाण ३९ टक्के आहे. पण याच अहवालात स्त्रियांना सरासरी मोबदला पुरुषांपेक्षा कमी मिळतो असंही नोंदवलंय. शिवाय यातली बरीच कामं हंगामी असतात. किती नोकऱ्या आल्या हे सांगताना त्या वर्षातले किती महिने चालतात, हेही सांगायला हवं.

खर्चाची बाजू झाकली की राग वाढतो

डॉक्सी या संशोधकाने १९७५ मध्ये, बार्बाडोस आणि कॅनडातल्या नायगारा-ऑन-द-लेक इथल्या निरीक्षणांवरून, स्थानिक लोकांच्या मनःस्थितीच्या चार पायऱ्या मांडल्या. सुरुवातीला उत्साह असतो, पाहुणे आले म्हणून आनंद होतो. मग सवय होते आणि उदासीनता येते. त्यानंतर चिडचिड, आणि शेवटी उघड विरोध. प्रत्येक गाव याच क्रमाने जातं असं नाही, आणि एकाच गावात एकाच वेळी या चारही मनःस्थितीतले लोक सापडतात. तरीही गावाची दिशा ओळखायला ही चौकट उपयोगी पडते. पुढच्या अभ्यासांमधून वारंवार दिसलेली गोष्ट सरळ आहे: त्रासापेक्षा फायदा मोठा आहे आणि निर्णयात आपल्याला विचारलं जातं असं ज्यांना वाटतं, ते पर्यटनाला पाठिंबा देतात. ज्यांना फक्त त्रास दिसतो, ते देत नाहीत.

बार्सिलोनात जुलै २०२४ मध्ये निदर्शकांनी हॉटेलांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं. त्या शहराला पर्यटनातून प्रचंड उत्पन्न मिळतं, तरी हे घडलं. राग मुख्यतः घरांवरून होता. पर्यटकांना भाड्याने देण्यात जास्त पैसा मिळत असल्याने राहती घरं तिकडे वळली आणि स्थानिकांना भाडी परवडेनाशी झाली. त्याआधीच्या महिन्यात शहराच्या महापौरांनी दहा हजारांहून अधिक पर्यटन-फ्लॅटचे परवाने २०२८ नंतर नूतनीकरण न करण्याची घोषणा केली होती. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये ही संख्या ५० हजारांखाली गेली. याला पर्यटन हे एकमेव कारण नाही, पण मोठं कारण नक्कीच आहे. २०२४ पासून व्हेनिसने ठरावीक गर्दीच्या दिवशी, मुक्काम न करता नुसतं फिरून जाणाऱ्यांकडून प्रवेश शुल्क घ्यायला सुरुवात केली. मुक्काम करणारे आधीच रात्रीगणिक कर भरतात. दिवसभर फिरून जाणारा गर्दीत भर घालतो, पाणी, कचरा आणि स्वच्छतेवर ताण टाकतो, पण मागे फार थोडा पैसा ठेवतो. शुल्कामागचं गणित असं आहे.

फिलिपिन्समधल्या बोराकाय बेटावर तर सांडपाणी थेट समुद्रात सोडलं जात होतं. सरकारने एप्रिल २०१८ मध्ये अख्खं बेट पर्यटकांसाठी सहा महिने बंद केलं. समुद्र सुधारला, पण त्या सहा महिन्यांत हजारो कामगारांचा रोजगार गेला. सांडपाण्याची जोखीम वेळीच लोकांसमोर मांडली गेली असती तर दबाव गावातूनच आला असता, असं मला मनापासून वाटतं. त्या पाण्याचा पहिला त्रास तिथे राहणाऱ्यांनाच होत होता. म्हणून जनजागृतीच्या कार्यक्रमात फक्त फायदे सांगू नयेत, असा माझा आग्रह आहे. लोक खर्चाची बाजू रोज भोगतात. ती लपवली की फायद्याच्या खऱ्या आकड्यांवरही त्यांचा विश्वास राहत नाही.

फायदा डोळ्यांना दिसला तर

रवांडातल्या व्होल्कॅनोज राष्ट्रीय उद्यानात डोंगरी गोरिला पाहायला जगभरातून लोक येतात. एका कळपाला दिवसातून एकदाच भेट, जास्तीत जास्त आठ जण, एक तास. २०१७ पासून परदेशी पर्यटकाला या तासासाठी १५०० डॉलरचा परवाना घ्यावा लागतो. संख्या कमी आणि उत्पन्न जास्त, असं हे धोरण आहे. मला यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. २००५ पासून उद्यानांच्या पर्यटन उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा भोवतालच्या गावांच्या कामांना मिळतो. आधी तो ५ टक्के होता, २०१७ मध्ये १० टक्के झाला. त्यातून शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या उभ्या राहिल्या. २००५ मध्येच 'क्विता इझिना' हा गोरिलाच्या पिल्लांच्या नामकरणाचा वार्षिक सोहळा सार्वजनिक स्वरूपात सुरू झाला, तोही उद्यानाच्या पायथ्याशी, गावकऱ्यांच्या गर्दीत. जंगलातला प्राणी आणि गावातली शाळा यांचा संबंध त्यातून सगळ्यांसमोर मांडला जातो. जनजागृतीचा याहून चांगला नमुना मी तरी पाहिलेला नाही. २०१८ मध्ये डोंगरी गोरिलाची नोंद 'अत्यंत संकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' अशी सुधारली. पहारा, पशुवैद्यकीय सेवा आणि शेजारच्या देशांचं सहकार्य यांचाही त्यात वाटा आहे.

एक अडचण तिथेही आहे. शाळेचा फायदा अख्ख्या गावाला होतो, पण उद्यानातून आलेला रानरेडा ज्याचं बटाट्याचं शेत तुडवतो, ते नुकसान त्याच्या एकट्याचं असतं. सामूहिक फायदा दाखवून वैयक्तिक तोटा पुसला जात नाही. रवांडाने अशा नुकसानभरपाईसाठी वेगळा निधी ठेवलाय, तो यासाठीच.

नामिबियात वाट आणखी वेगळी आहे. १९९६ च्या कायद्याने सामुदायिक जमिनीवरच्या लोकांना वन्यजीवांवर आणि त्यातून येणाऱ्या पर्यटनावर हक्क मिळाले. १९९८ मध्ये पहिल्या सामुदायिक संरक्षण संस्था नोंदल्या गेल्या, आज त्यांची संख्या ऐंशीच्या पुढे आहे. या संस्थांचे सभासद असतात, निवडलेली समिती असते आणि वार्षिक सभा असते. पर्यटन कंपनीशी करार संस्थाच करते. किती पैसे आले, पहारेकऱ्यांच्या पगारावर किती गेले, उरलेल्याचं काय करायचं, हे सभेत मांडावं लागतं. सगळीकडे ते नीट चालतं असं नाही. समितीवर आरोप होतात, भांडणंही होतात. पण भांडायला समोर आकडे असतात.

सुरुवात कुठून करायची

तज्ज्ञांचा मोठा अहवाल येण्याची वाट पाहायची गरज नाही. मुक्कामाची ठिकाणं किती, वर्षातल्या किती रात्री भरतात, किती माणसं कामाला आहेत, त्यातली स्थानिक किती आणि किती महिन्यांसाठी, लागणारा माल कुठून येतो, एवढी माहिती घरोघर फिरून जमवता येते. स्थानिक महाविद्यालयातली मुलं हे काम उत्तम करतात, आणि करता करता स्वतःही शिकतात. हॉटेलवाले उत्पन्नाचा आकडा सांगायला कचरतात, कारण करवसुलीची भीती असते. तिथे नावं न घेता एकत्रित आकडे मांडायचे, हे आधीच लेखी कबूल करावं. दुसऱ्या रकान्यात पाणी, कचरा, वाहतूक आणि घरभाडी यांचा वाढलेला भार लिहायचा, तोही तितक्याच काळजीने.

मग पर्यटकांकडून मिळणारा कर किंवा शुल्क कुठे जातं ते दिसू द्यावं. स्पेनच्या बॅलेरिक बेटांवर जुलै २०१६ पासून मुक्कामी पर्यटकांकडून शाश्वत पर्यटन कर घेतला जातो, आणि तो कोणत्या कामांवर खर्च करायचा हे समितीमार्फत ठरवून जाहीर केलं जातं. लहान गावाला एवढी यंत्रणा लागणार नाही. रस्त्यावरचा दिवा, सार्वजनिक स्वच्छतागृह किंवा वाचनालयातलं नवं कपाट पर्यटन शुल्कातून आलं असेल तर तिथेच तसं लिहून ठेवावं. सगळी रक्कम एकाच सामान्य खात्यात जमा झाली की लोकांना तिचा पत्ता लागत नाही, आणि 'आम्हाला काय मिळालं?' हा प्रश्न तसाच राहतो.

समजावण्याचं काम एकाच दिशेने करू नये. पलाऊ या छोट्या बेटराष्ट्राने डिसेंबर २०१७ पासून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पासपोर्टवर एका प्रतिज्ञेचा शिक्का मारायला सुरुवात केली, आणि तिच्याखाली पाहुण्याला सही करावी लागते. ती पलाऊच्या मुलांना उद्देशून आहे, आणि मुलांच्याच मदतीने लिहिलेली आहे. स्थानिकांनी पाहुण्यांशी कसं वागावं हे आपण नेहमी सांगतो. पाहुण्याने काय पाळावं हे सांगायचा अधिकार गावालाही आहे. कुठून खरेदी करावी, कुठे गाडी लावू नये, गर्दी नसलेल्या महिन्यांत का यावं, हे पाहुण्यांना सांगितलं तर बरेच जण ऐकतात.

पहिल्या वर्षीचा हिशेब बहुधा निराश करणारा निघेल. गावात आलेल्या पैशातला फारच थोडा भाग गावात राहतो असं दिसेल, किंवा सगळा फायदा एकाच वस्तीत अडकलेला सापडेल. तो दाबून न ठेवता तसाच वाचून दाखवावा, आणि पुढच्या वर्षी त्यातली एकच गळती बंद करायचं ठरवावं: भाजी, धुलाई, वाटाडे, जी सगळ्यात सोपी असेल ती. वर्षाने तोच तक्ता पुन्हा भरला की फरक पडला की नाही ते कळतं. बैठकीची वेळ हंगाम संपल्यावरची धरावी. हंगामात ज्यांनी यायला हवं, ते सगळे कामावर असतात.